चिमणीच्या दातांची फुंकर

मी एक जुनी फुंकनळी आहे. वितळलेली काच फुगवण्याची. चुलीतला विस्तव पेटवतात ती फुंकणी वेगळी, तिचा आणि माझा काही संबंध नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण आमच्या पुण्यात माणसे पुरते ऐकून घेण्याआधीच समोरच्याला ओळखून मोकळी होतात.

मित्रांनो, बसा. पण जरा लांब बसा. मी कोणावरही चटकन विश्वास ठेवत नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझे तर सारे आयुष्यच फुंकण्यात आणि पोळण्यात गेले. तुम्ही कोण, कशाला आलात, तुमच्या पिशवीत भंगारवाल्याचा तराजू तर नाही ना, हे मी आधी बघून घेणार आणि मगच बोलणार.

हं. तराजू दिसत नाही. सांगते.

माझा जन्म इटलीत, व्हेनिसजवळच्या मुरानो नावाच्या बेटावर झाला. एका लोहाराने मला घडवले. माझे एक टोक जाड आहे. ते भट्टीत जाते आणि काच उचलते. दुसरे टोक निमुळते आणि गुळगुळीत. ते ओठांत जाते. उंचीने मी तुमच्यातल्या पाचवी-सहावीतल्या मुलाएवढी. त्या बेटावर काच करणाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत आणि संशयही पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. फार पूर्वी तिथल्या कारागिरांना बेट सोडून जायला बंदी होती. का, तर काचेचे गुपित बाहेर जाईल! पुढे बंदी गेली, गुपितेही बरीचशी जगभर पसरली, पण दार लावून रंग कालवण्याची सवय काही गेली नाही. अशा लोकांत वाढलेली मी भोळी कशी राहणार?

माझे मालक अल्वीझे. आधी त्यांचे वडील माझ्यातून फुंकत, मग ते फुंकू लागले. तिथली रीत अशी, की मोठा कारागीर बाकावर बसून मला दोन दांड्यांवर गरगर फिरवतो आणि टोकाला लोंबणाऱ्या काचेला आकार देतो. दुसरा माणूस माझ्या तोंडाशी उकिडवा बसतो आणि कारागिराने खूण केली की फुंकर घालतो. म्हणजे एकाच्या ओठांतून मी दुसऱ्याच्या ओठांत जायची. बापाच्या, मुलाच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या. कोणी कधी नाक मुरडले नाही. हे ध्यानात ठेवा. पुढे याच्यावरूनच सगळे रामायण घडले.

नव्वदीच्या सुरुवातीला भारताने आपली दारे बाहेरच्या मालाला आणि माणसांना उघडली म्हणे. त्या दारातून एक कंपनी आत आली. मोठ्या हॉटेलांसाठी हातघडणीची काचेची झुंबरे पुण्यात बनवायची असे तिने ठरवले, आणि मुरानोहून दोन कारागीर आणले. एक अल्वीझे, दुसरे त्यांचे मेहुणे तुल्लिओ. वारज्याला तेव्हा अजून ज्वारीची शेते होती. तिथे पत्र्याची एक मोठी शेड उभी राहिली. मी विमानातून, ब्लँकेटात गुंडाळलेली आले. कस्टमच्या माणसाने मला उभी-आडवी करून पाहिली, मग एक डोळा मिटून माझ्यातून आरपार पाहिले, आणि तरी त्याचे समाधान झाले नाही. मला तो माणूस फार आवडला.

थोड्याच वर्षांत कंपनीने गाशा गुंडाळला. ज्या दारातून ती आत आली त्याच दारातून यंत्रावर बनलेली स्वस्त काचही कंटेनर भरभरून आली आणि हॉटेलवाले तिकडे वळले. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती, पण मला विचारतो कोण? जाताना कंपनीने भट्टी अल्वीझेंच्या गळ्यात मारली. तुल्लिओ मायदेशी परतले. अल्वीझे गेले नाहीत. निघताना त्यांनी साऱ्या बेटाला सांगितले होते, की मी जिथे जाईन तिथे भट्टी पेटवीन आणि माझ्यामागेही ती पेटती राहील. "आता परत गेलो तर बेट हसेल," असे ते म्हणत. ते तसे हट्टीच होते.

बेटावर त्यांना सगळे 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद, म्हणत. इथे त्याचे 'मास्तर' व्हायला वेळ लागला नाही. याला हरकत घेतली ती फक्त तात्यारावांनी. शनिवार पेठेतले तात्याराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. झुंबरांचे नमुने काढायला आले ते शेडमध्येच रमले. "जन्मभर खडू झिजवला मी, आणि मास्तर हे!" असे ते कुरकुरत. पण अल्वीझेंना मराठी शिकवली ती त्यांनीच. त्यामुळे मास्तरांची मराठी अगदी पेठेतली. रागावले तरी 'आपण' सोडत नसत. "आपण मूर्ख आहात," असे ते इतक्या अदबीने म्हणत, की ऐकणारा आधी खूशच व्हायचा.

भट्टी सांभाळत भंडाऱ्याकडचे बापूराव. झाडलोट आणि चहा कांताबाईंकडे; त्या वारजे गावातल्याच. आणि चौथी कुसुम. तिचे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. ते निवृत्त झाले, कारखान्याने दिलेले घर सोडून खडकीतच भाड्याने राहावे लागले, आणि संसाराचे ओझे या मुलीवर आले. रोज ती लुना फटफटवत खडकीहून वारज्याला यायची. आली तेव्हा तिचे काम बांधाबांधीचे. मार्केट यार्डातून फळांच्या पेट्यांतला पेंढा आणायचा आणि त्यात काच बांधायची. कंपनी गेल्यावर माणसे कमी पडली आणि ती भट्टीपुढे उभी राहिली. पुढे फुंकायची वेळ आली तेव्हा तिची फुंकर लांब आणि एकसारखी निघाली, हे मला कबूल केलेच पाहिजे.

पण मला ती संशयास्पद वाटे. फार प्रश्न विचारायची. "मास्तर, हा लाल कशानं येतो?" मास्तर उत्तर देत नसत. ते रंगाच्या खोलीत जात आणि आतून कडी लावत. त्या दारावर तात्यारावांनी स्वहस्ते पाटी रंगवली होती: 'आत डोकावू नये. डोकावल्यास काय दिसले ते इतरांस सांगू नये.'

काही वर्षे फुलदाण्या, पेपरवेट आणि अत्तराच्या कुप्या यांवर निभावले. अशा लहान वस्तू मास्तर एकटेच फुंकत. मग शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या, ज्वारीच्या शेतांत इमारती उगवू लागल्या, आणि एका सकाळी शेडपुढे गाडी थांबली. आतून प्रियदर्शनी नावाची मुलगी उतरली. तिच्या कंपनीच्या नव्या इमारतीत, शिरल्या शिरल्या दिसेल असा काचेच्या मोठमोठ्या गोलांचा घोस तिला टांगायचा होता.

"सर, मशीनमेड नकोच आहे आम्हाला," ती म्हणाली. "प्रत्येक ग्लोब थोडा वेगळा हवा. हँडमेड फील आला पाहिजे. पण इनॉगरेशनची डेट फिक्स आहे हां. ती नाही हलणार."

तिच्या गळ्यात स्वतःच्या नावाची आणि फोटोची पट्टी होती. आपण कोण हे ज्याला गळ्यात अडकवून हिंडावे लागते त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा, असे मला वाटले. मास्तरांनी मात्र होकार दिला, कारण दुसरे काही कामच हातात नव्हते. काचेची भट्टी सतत पेटती ठेवावी लागते. ती विझली की काच वितळवायची कुंडी गार होताना तडकते, आणि सगळे पहिल्यापासून उभारावे लागते. पहिल्यापासून सुरू करण्याचे मास्तरांचे वय राहिले नव्हते. हे काम वेळेत झाले तर भट्टी जगणार होती, नाही तर कायमची विझणार होती. हे शेडमध्ये सर्वांना ठाऊक होते.

मोठे गोल एकट्याने होत नाहीत. पहिली फुंकर मास्तर स्वतः घालत. मग ते बाकावर बसत आणि पुढच्या फुंकरी कुसुमच्या, बापूरावांच्या किंवा तात्यारावांच्या. तात्याराव रोज पहाटे प्राणायाम करत, म्हणून त्यांनाही जुंपले होते. पहिल्याच दिवशी एक गोल फुटला. असे होते कधी कधी. मग दुसरा फुटला. चांगला नारळाएवढा झालेला, मधासारखा मऊ आणि लाल. एकाएकी एका अंगाने फुगला आणि फट्! पापडासारखी पातळ काच शेडभर उडाली. त्यानंतर रोजच तसे होऊ लागले. एखादा गोल नीट होई, पुढचे दोन जात.

माझ्या पोटात काय चालले होते ते मला दिसत होते. काच घडवणारा माणूस काचेवरून नजर काढत नाही. काढली तर ती ओघळून खाली येते. त्यामुळे मास्तरांचे डोळे काचेवर. बाकाशेजारी पाण्याची बादली असे. रद्दी वर्तमानपत्रांच्या जाड घड्या तिच्यात भिजवायच्या, तळहातावर घ्यायच्या आणि तापलेल्या काचेला त्यांनी गोंजारायचे, अशी मास्तरांची पद्धत. त्याच बादलीत माझ्या तोंडाशी बसलेल्या माणसाचा हात हळूच बुडे. चूळभर पाणी माझ्या तोंडावरून, थोडे तोंडातही. मग फुंकर. कुसुमने हे केले. बापूरावांनीही केले. तात्यारावांनी तर ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत केले. आणि प्रत्येकाने आपल्याकडे कोणी बघत नाही ना, हे बघून केले.

माझी खात्रीच पटली. मला गंजवून मारण्याचा हा कट होता! लोखंडाच्या पोटात पाणी दुसऱ्या कशासाठी घालतात? त्यातला एखादा थेंब फुंकरीबरोबर आत सरके, तापलेल्या टोकाशी पोचला की त्याची वाफ होई, आणि ती वाफच गोलाला आतून धक्का देऊन फोडत असे. मास्तरांना सांगावे असे फार वाटे. पण नळीला तोंड असते, जीभ नसते.

मास्तरांनी आधी वाळूवर संशय घेतला. मग रंगावर, मग गॅसवर. शेवटी माणसांवर. त्याच सुमाराला यंत्रावरची काच विकणारे रतनशेठ शेडमध्ये येऊन बसले. "कशाला जिवाला त्रास, मास्तर?" ते म्हणाले. "माझे तयार गोल घ्या, जरा वाकडेतिकडे करा. कोणाला कळतंय?" मास्तरांनी त्यांना चहा दिला आणि दार दाखवले. पण जाता जाता रतनशेठ फाटकापाशी थांबले आणि कुसुमशी बोलत राहिले. बराच वेळ. ते मास्तरांनी पाहिले. मीही पाहिले.

मग शेडमधली हवाच बदलली. बापूराव कुसुमकडे तिरके बघत, कुसुम बापूरावांकडे, आणि तात्याराव दोघांकडे. आपण एकटेच पाणी घालतो असे प्रत्येकाला वाटे, आणि चूळभर पाण्याने काय होते, असेही वाटे. गोल मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी पापाने फुटत आहेत अशी तिघांची समजूत.

"आपण माझ्या माणसांवर विश्वास ठेवाल का?" मास्तरांनी एकदा तात्यारावांना विचारले.

"विश्वास?" तात्याराव म्हणाले. "तो पानिपतावरच गेला हो."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जुन्या बाजारातून एक आरसा आणला आणि बाकासमोरच्या भिंतीवर जरा कलता टांगला. तात्यारावांना वाटले, भांग पाडायला सोय झाली. पण मी ओळखले. बाकावर बसून मास्तरांनी नुसती पापणी वर उचलली, की आरशात माझे तोंड दिसत होते, आणि माझ्या तोंडाशी बसलेला माणूसही. वा, मी म्हटले, शेवटी मालक कोणाचे!

त्या दिवशी सकाळी कुसुमची पाळी होती. गोल छान धरला होता. मास्तरांनी खूण केली. कुसुमचा हात बादलीत गेला, पाणी माझ्या तोंडात पडले, आणि मास्तर थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काचेवरून नजर काढली आणि मागे वळून पाहिले. तो सुरेख गोल ओघळून फरशीवर पसरला.

"कुसुम," मास्तर म्हणाले, "आपण चोर आहात."

"मास्तर?"

"आपण पाणी घातलंत. मी पाहिलं. रतनशेठनी आपल्याला माझे गोल फोडायला सांगितलं आहे?"

कुसुम उठून उभी राहिली. "रतनशेठ मला त्यांच्या दुकानात नोकरी देत होते," ती म्हणाली. "मी नाही म्हणून सांगितलं. कांताबाईंना विचारा. त्या तिथंच झाडत होत्या."

"खरं हाय," कांताबाई म्हणाल्या. "तिनं त्यास्नी सरळ रस्ता दावला."

"मग पाणी कशासाठी?"

कुसुम खाली बघत राहिली. तिला कारण सांगण्याचीच लाज वाटत होती.

"आपण उद्यापासून येऊ नका."

कुसुमने आपला डबा उचलला. नोकरी जाण्यापेक्षा चोर हा शब्द तिला लागला होता. डोळे भरून आले होते, पण ती कोणाला दिसू देत नव्हती. ती दारापाशी पोचली तेव्हा भट्टीकडून आवाज आला.

"मास्तर, मी बी टाकतो न जी पानी," बापूराव म्हणाले. "रोजच टाकतो."

तात्यारावांनी खाकरून घसा साफ केला. "आता लपवण्यात अर्थ नाही. मीही. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी."

"पण का?" मास्तर ओरडले.

शेवटी कुसुमच बोलली. "मास्तर, ते उष्टं असतं ना. आधी तुम्ही फुंकता, मग बापूराव फुंकतात. तिथंच तोंड कसं लावायचं? लहानपणापासूनची सवय आहे. धुतल्याशिवाय ओठ पुढं जातच नाहीत."

"माझं तोंड घाण आहे?"

"तुमचंच असं नाही हो," तात्याराव घाईघाईने म्हणाले. "सगळ्यांचंच. त्यात आम्ही कोणात भेद करत नाही."

याने मास्तर शांत होतील असे तात्यारावांना खरोखरच वाटले होते. मास्तर शांत झाले नाहीत. त्यांनी मला उचलून छातीशी धरले. "जिथे माझ्या वडिलांचे ओठ होते तिथे मी माझे ओठ ठेवले," ते म्हणाले. "ते गेल्यावर कित्येक दिवस मी ही नळी पुसलीसुद्धा नाही. आणि आपण ती धुता?"

पाण्याने गोल फुटतात हे कळले होते. पण पाण्यावाचून यांचे ओठ माझ्याकडे वळणार नाहीत, हेही कळले होते. आता गोल होणार कसे? कुसुम तशीच बाहेर पडली.

फाटकाशी कांताबाईंनी तिला अडवले. त्यांच्या हातात पेरू होता. "रिकाम्या पोटी जाऊ नगंस," त्या म्हणाल्या, आणि पदराचे टोक पेरूवर धरून त्यांनी वरून चावा घेतला, अर्धा तोडला आणि तिच्यापुढे केला. "घे. चिमनीच्या दातानं तोडलाय. उष्टा न्हाई."

मित्रांनो, तुम्हीही शाळेत हे केले असेल. गोळी वाटून खायची असली की रुमालात धरून चावायची. मधे कापड आले की ते आपले दात राहत नाहीत, चिमणीचे होतात. कुसुम त्या अर्ध्या पेरूकडे बघत राहिली. मग ती जवळजवळ पळतच आत आली.

तिने आपल्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा टरकन फाडला आणि माझ्या तोंडावर बांधू लागली. मी घाबरले. मला वाटले, आता माझे तोंडच बंद करतात! पण तिने कापडावर ओठ ठेवून फुंकले आणि वारा माझ्या पोटातून सरळ पलीकडे गेला. कोरडा, ठणठणीत.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारले. त्यांचा संशय अजून गेला नव्हता.

"चिमणीचे दात," कुसुम म्हणाली, आणि तिने सगळे सांगितले.

मास्तरांनी कांताबाईंकडून उरलेला पेरू मागून घेतला. आधी वास घेतला. मग खिशातला रुमाल त्यावर धरला, चावा घेतला आणि सावकाश चावून पाहिले.

"चव तीच आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग फरक काय झाला?"

"फरक काहीच नाही," कुसुम म्हणाली. "फक्त उष्टं होत नाही."

"यापुढं विचारू नका, मास्तर," तात्याराव म्हणाले. "आम्हीही कधी विचारलं नाही."

मास्तरांनी माझ्या तोंडावरचे फडके बोटाने चाचपून पाहिले. मग बाकावर जाऊन बसले. "कुसुम, बसा," ते म्हणाले. ती बसली. "मी आपल्याला चोर म्हणालो."

"म्हणालात."

"तेव्हा मूर्ख म्हणायला हवं होतं."

"तेही चाललं असतं," कुसुम म्हणाली, आणि ओढणीने डोळे पुसून हसली.

त्यानंतर पाण्यापायी एकही गोल फुटला नाही. कुसुमचा ओढणीचा तुकडा, बापूरावांचा दुपट्ट्याचा, तात्यारावांचा धोतराचा. प्रत्येकाचे फडके वेगळे, आणि सगळ्यांचे नाव एकच: चिमणी. "माझी चिमणी कुठं गेली?" असे विचारत सगळे पाळीला येत. प्रियदर्शनीच्या इमारतीत ठरल्या दिवशी गोल लागले, दिवे उजळले, आणि भट्टी जगली. तिथून पुढे कामे येत राहिली. एका सकाळी रंगाच्या खोलीचे दार उघडे दिसले. मला वाटले, मास्तर कडी लावायला विसरले. तेवढ्यात आतून हाक आली, "कुसुम, आपल्याला लाल बघायचा होता ना?" मी दचकले. मुरानोच्या माणसाने उघड्या दाराने रंग कालवायचा? पण त्यांनी कालवला, आणि तिला कालवायला लावला. दारावरची पाटी तेवढी तशीच राहिली, कारण तात्यारावांनी ती काढू दिली नाही.

वर्षे गेली. शेडभोवतीची शेते संपली. नवी माणसे आली, कोणी वारज्याची, कोणी यवतमाळची, आणि प्रत्येकाने आपापली चिमणी आणली. एकदा तुल्लिओ भेटायला आले. ते कापडातून फुंकणारे कारागीर बघून पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत. "ही इथली रीत आहे," ते म्हणाले.

मास्तर थकत चालले. छातीत हवा पुरेना. तरी पहिली फुंकर त्यांचीच. एका दुपारी त्यांनी मला भट्टीतून काढले, ओठांत धरले आणि फुंकले. वाटाण्याएवढा बुडबुडा आला आणि त्यांना जोराचा खोकला आला. ते कसेबसे बाकावर बसले. "फुंका," ते म्हणाले, पण आवाज फुटत नव्हता.

माझ्या तोंडाशी कुसुम बसली होती. बापूरावांनी तिची चिमणी पुढे केली. माझ्या तोंडावर मास्तरांच्या ओठांची ओल अजून तशीच होती. कुसुमने फडके घेतले, घडी केली आणि बाजूला ठेवले. मग तिने आपले ओठ, होते तसे, माझ्यावर ठेवले आणि फुंकले. लांब आणि एकसारखे.

समोरच्या भिंतीवर तो कलता आरसा अजून होता. मास्तरांनी मान न वळवता नुसती पापणी वर उचलली.

"कुसुम," ते म्हणाले. "चिमणी?"

"उडाली, मास्तर."

मास्तर मला फिरवत राहिले. हात कापत असल्यामुळे तो गोल थोडा तिरका झाला. आजही शेडच्या दारात तो टांगलेला आहे, आणि विकायचा नाही.

त्या हिवाळ्यात मास्तर गेले. थोड्या दिवसांनी प्रियदर्शनी आली. तिच्या डोळ्यांत खरेच पाणी होते, हे मी निरखून पाहिले. तिला मी हवी होते. "ही तर हेरिटेज आहे," ती म्हणाली. "आमच्या लॉबीत काचेच्या केसमध्ये ठेवू, वर स्पॉटलाइट देऊ." माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ज्या काचेला मी जन्म द्यायचा, तिच्याच आड मला कोंडणार!

"नाही जमणार, मॅडम," कुसुम म्हणाली. "ती कामावर आहे."

म्हणून मित्रांनो, मी अजून कामावर आहे. आता बाकावर कुसुम बसते आणि माझ्या तोंडाशी तिने शिकवलेली माणसे. कोणी चिमणी लावून फुंकते, कोणी काही वर्षांनी ती आपण होऊन बाजूला ठेवते. कुसुम कोणाला विचारत नाही. माझे मात्र बारीक लक्ष असते.

तुमच्याही घरी कोणाच्या तरी हातातले जुने हत्यार असेल. शिंप्याची कात्री असेल, सुताराचा रंधा असेल. ते माळ्यावर टाकू नका, आणि मखरातही बसवू नका. ते वापरा. गंजू देऊ नका. ज्याचे होते त्याची आठवण त्याच्या कामातच टिकते, हे मला संशयी म्हातारीलाही उशिरा का होईना, पटले आहे. मास्तर गेल्यावर कुसुमने मला कित्येक दिवस पुसले नाही. कोणी फडके घेऊन आले की ती नुसती बघायची, आणि तो माणूस आल्या पावली परत जायचा.

या आता, जरा जवळ बसलात तरी चालेल. हात लावून बघायचा आहे? बघा. पण आधी हात दाखवा. ओले नाहीत ना?